सांगलीत इंग्रजीचा स्वतःचा वर्ग: पहिले विद्यार्थी कुठून आणायचे

शाळेची नोकरी सोडली त्या महिन्यात मी दोन हजार पत्रकं छापून घेतली. पिवळा कागद, निळी अक्षरं, वर ‘फाडफाड इंग्रजी बोला’, खाली माझा नंबर. विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याकडचे पेपरवाले गाठून रविवारच्या अंकात घालायला दिली. तीन फोन आले. एकाला नववीतल्या मुलासाठी बीजगणिताची शिकवणी हवी होती. दुसरीनं विचारलं, तुमच्याकडे शिक्षिकेची जागा आहे का? तिसरा फोन दुसऱ्या छापखान्याचा, पुढच्या वेळी आमच्याकडं छापा म्हणून. आठ-दहा दिवसांनी कॉलेज कॉर्नरला भडंग घेतलं, तर पुडी माझ्याच पत्रकाची.

आज माझे आठवड्याचे तास भरलेले असतात आणि त्यातला एकही माणूस पत्रकावरून आलेला नाही. ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे, बी.एड. किंवा एम.ए. झालंय, घरातली एक खोली रिकामी आहे, पण दारात विद्यार्थी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शिकवायचं कसं हा वेगळा विषय झाला. पहिले पाच-सहा जण येईपर्यंत काय करायचं, तेवढंच सांगते.

१. आधी कुणाला शिकवायचं नाही ते ठरवा

सांगलीत ‘इंग्रजीचा क्लास’ म्हटलं की लोक एकच समजतात, मुलांची शिकवणी. चाचणी परीक्षा, निबंध, गृहपाठ, आणि रात्री दहाला आईचा फोन, ‘मॅडम, उद्या पेपर आहे, याला पॅसिव्ह व्हॉइस येतच नाही.’ हे काम चांगलं आहे, पैसेही मिळतात. पण मोठ्या माणसांना बोलायला शिकवायचं असेल, तर ते काम याच खोलीत, याच वेळेत ठेवू नका. पहिल्या वर्षी मी दोन्ही केलं. संध्याकाळी सहाला एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. सतरंजीवर सातवीची दोन पोरं ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ लिहीत बसली होती. त्यातला एक त्यांच्या शेजाऱ्याचा मुलगा निघाला. गृहस्थ पाणी पिऊन, हवापाण्याचं बोलून गेले, ते परत आले नाहीत.

तुम्ही अजून शाळेत नोकरीला असाल, तर मुलांच्या शिकवणीचा विचारही सोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर तक्रार होईपर्यंतच चालतं.

आता कुणाला शिकवायचं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ए बी सी डी पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे आज पस्तिशी ओलांडलेला, मराठी माध्यमातला सांगलीकर घ्या. त्याला इंग्रजी वाचता येतं, बँकेचा फॉर्म भरता येतो, व्हॉट्सॲपवर आलेलं बऱ्यापैकी कळतं. तोंड उघडायची वेळ आली की मात्र घसा कोरडा पडतो. या माणसाला व्याकरण पहिल्यापासून नको असतं. त्याचं एक ठरावीक काम कुठंतरी अडलेलं असतं. अशी माणसं आपल्याकडं कुठं कुठं आहेत बघा:

- मुलाला इंग्रजी माध्यमात घातलंय आणि शाळेची डायरी आली की पोटात गोळा येतो, अशा आया. संख्येनं याच सगळ्यात जास्त.
- लेक किंवा सून परदेशात आहे आणि बाळंतपणाला एकटीनं विमानानं जायचंय, अशा पन्नाशी-साठीच्या काकू.
- तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्ष बागायतदार आणि बेदाण्याचे व्यापारी. माल बाहेर जातो, पण ईमेलचं उत्तर पुतण्याकडून लिहून घ्यावं लागतं.
- मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स, ज्यांना परदेशी जायचंय.
- कुपवाड एमआयडीसीतले सुपरवायझर. ऑडिटला बाहेरचे साहेब आले की हे मशीनच्या मागं.
- इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, कॅम्पस मुलाखतीच्या आधी.
- मिरजेत सतार, तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातली नवी पिढी. परदेशी गिऱ्हाईक फोनवर येतं आणि दर सांगताना अडतं.

यातला एक गट निवडा, फार तर दोन. ‘सर्वांसाठी इंग्रजी’ म्हटलंत तर ते आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही.

नर्सचा गट दिसायला सोपा, पण त्यात परीक्षा आहेत. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ बँड लागतात, लेखनात ६.५ चालतो. नाहीतर ओईटी नावाची वैद्यकीय क्षेत्रातल्यांसाठीची परीक्षा आहे, तिच्यात बी ग्रेड, लेखनात सी प्लस. या परीक्षांचे जुने पेपर तुम्ही स्वतः घड्याळ लावून सोडवले नसतील, तर या गटाला हात लावू नका. त्या मुली नाईट ड्युटी करून पै पै जमवून परीक्षेला बसतात.

२. लोक लाजतात, हे धरूनच सगळी आखणी करा

ही गोष्ट मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती, तर पत्रकांचे पैसे वाचले असते.

माझ्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत एक वहिनी होत्या. दुपारी अडीचला यायच्या. आल्या की चपला काढून पिशवीत घालायच्या आणि पिशवी आत घेऊन बसायच्या. मला वाटलं, चोरीची भीती. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, ‘अहो, समोरच्या जाऊबाई माझ्या चपला ओळखतात.’

चाळिशीत इंग्रजी शिकायला जाणं म्हणजे इतकी वर्षं येत नव्हतं हे चारचौघांत कबूल करणं. दुकानदाराला ते गिऱ्हाइकासमोर नको असतं, सुपरवायझरला हाताखालच्या पोरांसमोर, आईला तर स्वतःच्या मुलासमोर नको असतं. त्यामुळं चौकातला फ्लेक्स वाचून हा माणूस मनात म्हणतो, ‘आपल्याला पाहिजे आहे खरं,’ आणि गाडी पुढं काढतो. त्या दारात शिरताना आपण दिसू, याचीच त्याला धास्ती.

म्हणून चार गोष्टी करा. चपलांसाठी दाराच्या आत रॅक ठेवा. (हसू नका, मी ठेवलाय.) दोन विद्यार्थ्यांच्या वेळांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे जिन्यात समोरासमोर गाठ पडत नाही. पाटी लावायचीच असेल तर ‘स्पोकन इंग्लिश’ असं ठळक लिहू नका, ‘भाषा मार्गदर्शन’ आणि तुमचं नाव पुरे. आणि पहिल्याच फोनवर न विचारता सांगा, ‘तुम्ही माझ्याकडं येता हे मी कुणाला सांगत नाही.’ या एका वाक्यावर पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू येतो.

वेळाही यावरूनच ठरतात. गृहिणींची वेळ दुपारी दोन ते चार, मुलं शाळेत आणि घरचे वामकुक्षीत. दुकानदारांची रात्री साडेआठनंतर, शटर ओढल्यावर, नाहीतर ज्यांच्या भागात साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी सकाळी. नर्सची ड्युटी दर आठवड्याला बदलते, त्यांना पक्का वार देऊ नका. संध्याकाळी पाच ते सात ही शिकवणीची वेळ. तीच धरून बसलात तर यातलं कुणीच येणार नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

इथं जास्त वेळ घालवू नका. मी बघितलंय, माणसं सहा महिने लोगो करत बसतात.

लागणारी कागदपत्रं:

- आधार आणि पॅन
- पदवीची आणि बी.एड. वगैरे असेल तर त्याची झेरॉक्स, फाइलमध्ये लावून. शंभरात दोघं विचारतात, पण विचारतात तेव्हा लगेच दाखवता आली पाहिजेत.
- घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी, सोसायटी असेल तर सचिवांना आधी तोंडी आणि मग लेखी कल्पना. लिफ्ट आणि पार्किंगवरून भांडणं होतात, ती अशा वेळी वर येतात.
- बँक खातं आणि त्याला जोडलेलं यूपीआय
- शॉप ॲक्टची, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची, ऑनलाइन सूचना. एकट्यानं काम करणाऱ्याला फक्त सूचना द्यायची असते, परवान्याचे हेलपाटे नसतात. चालू खातं उघडायला बँक हा कागद मागते.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, हवी असेल तर. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं हजार-दोन हजार उकळतात. पैसे मागितले की ते पान बंद करा.

जीएसटीची चिंता आत्ता करू नका. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की तो विषय येतो.

सामान: दोन बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड, दोन मार्कर, दोन साध्या खुर्च्या आणि मध्ये टेबल. सतरंजी नको, गुडघे दुखणाऱ्या माणसाचं लक्ष गुडघ्यातच राहतं. आवाज रेकॉर्ड करायला फोन पुरतो. एक पावती पुस्तक, स्वतःच्या नावाचं. आणि एक दोनशे पानी वही, तिचं काम पुढच्या पायरीत आहे.

४. चाळीस नावांची यादी

वही उघडा आणि तुम्हाला नावानं ओळखणाऱ्या चाळीस माणसांची नावं लिहा. नातेवाईक सोडून. (नातेवाइकांचं पुढं सांगते.) जुन्या शाळेतले पालक, भिशीतल्या बायका, ज्यांच्याकडून किराणा घेता ते, मुलाच्या रिक्षाचे काका, पार्लरवाली, शिंपी, डॉक्टरांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, एलआयसीचे एजंट. पार्लरवाली आणि एलआयसी एजंट या दोघांना पहिल्या दहात ठेवा. गावात कुणाचं काय अडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

या चाळिसांना विद्यार्थी व्हा म्हणायचं नाही. त्यांना एक प्रश्न विचारायचा, तोही फोनवर किंवा समोर, मेसेज करून नाही. मी म्हणायचे ते असं:

‘ताई, मी आता घरी एकेकट्याला इंग्रजी बोलायला शिकवते, मोठ्या माणसांना. कुणाची लेक परदेशात आहे आणि तिकडं जायचंय, असं तुमच्या ओळखीत कुणी आहे का? असेल तर माझा नंबर फक्त त्यांनाच द्या, ग्रुपवर नको.’

‘ग्रुपवर नको’ म्हटलं की ती व्यक्ती विचार करायला लागते. नाहीतर ‘हो हो, टाकते की ग्रुपवर’ म्हणते आणि तुमचा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. दुसरं असं की ‘कुणी इंग्रजी शिकणारं आहे का’ विचारलं तर उत्तर ‘बघते’ येतं. ‘बाळंतपणाला अमेरिकेला जाणारं कुणी आहे का’ विचारलं तर तिथल्या तिथं नाव येतं.

चाळीस फोनांना मला दोन आठवडे लागले. नऊ नावं मिळाली, पाच जणांनी फोन केला, तिघं आले. हे माझे आकडे, तुमचे वेगळे पडतील. पण वीस फोनांवर थांबू नका. माझी पहिली विद्यार्थिनी छत्तिसाव्या नावाकडून आली, तो आमचा इस्त्रीवाला.

व्हॉट्सॲप स्टेटस ठेवायला हरकत नाही. पण ‘बॅच सुरू, त्वरा करा, मर्यादित जागा’ हे लिहू नका, तुमच्याकडं सगळ्याच जागा रिकाम्या आहेत हे लोकांना कळतं. एखादं उपयोगी वाक्य टाका. मी टाकलं होतं: ‘शाळेच्या मीटिंगमध्ये बाईंना विचारायचे तीन प्रश्न, इंग्रजीत. हवे असतील तर मला खासगीत मेसेज करा.’ अकरा जणींनी मागितले. त्यातल्या दोघी पुढं विद्यार्थिनी झाल्या.

५. पहिली भेट: अर्धा तास, मोफत, पण धडा नाही

डेमो लेक्चर हा शब्द विसरा. पहिल्या भेटीत तुम्ही किती हुशार आहात हे दाखवायचं नसतं. त्या माणसाचं नेमकं काय अडतंय ते काढून घ्यायचं आणि त्यातली एकच गोष्ट तिथं सोडवून द्यायची.

इस्त्रीवाल्यानं पाठवलेल्या त्या काकू गावभागातल्या, वय साठीच्या आसपास. लेकीचं बाळंतपण अमेरिकेत, जायला दोन महिने. मी विचारलं, ‘काकू, भीती कशाची वाटते?’ म्हणाल्या, ‘विमानाची नाही. तिथं उतरल्यावर तो काचेतला माणूस विचारतो ना, त्याची.’ म्हटलं, मीच तो काचेतला माणूस. टेबलाच्या पलीकडं बसून विचारलं, ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ काकूंनी पदर सावरला आणि ठणठणीत आवाजात उत्तर दिलं, ‘आय ॲम कमिंग फॉर डिलिव्हरी!’

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी त्यांना एक वाक्य दिलं: ‘माय डॉटर इज हॅविंग अ बेबी. आय ॲम हिअर टु हेल्प हर.’ दहा वेळा म्हणून घेतलं, त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं. स्वतःचा आवाज इंग्रजीत ऐकून त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘उद्यापासून येऊ?’

फी त्यांनी विचारलीही नव्हती. मीच सांगितली.

गट दुसरा असेल तर वाक्य दुसरं. दुकानदार किंवा सुपरवायझर असेल, तर मी त्याच्या मराठीतला ‘च’ पकडते. आपण ‘मी कालच आलो’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘आय केम येस्टरडे ओन्ली’ होतं. ‘इथंच आहे’चं ‘इट इज हिअर ओन्ली’. त्याला सांगते, ‘तुमचा च इंग्रजीत ओन्ली होऊन येतो, तो तेवढा काढून टाका.’ ही चूक आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि पंधरा मिनिटांत ती त्याची त्यालाच ऐकू यायला लागते. व्याकरणाच्या पुस्तकानं महिन्यात जेवढा विश्वास बसत नाही, तेवढा इथं बसतो.

या अर्ध्या तासात करायचं नाही असं: चाचणी परीक्षा घ्यायची नाही. आधीच्या शिक्षकाला नावं ठेवायची नाहीत. आणि स्वतः सलग इंग्रजीत बोलून समोरच्याला गार करायचं नाही. सुरुवातीला मी हे शेवटचं करायचे. एक बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं इंग्रजी लईच भारी आहे,’ आणि त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

६. फी

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, कारण पैशाचं तोंडानं बोलायला आपल्याला जड जातं. ‘द्या हो तुम्हाला वाटेल ते’ हे वाक्य मी तीनदा बोलले आणि तीनदा पस्तावले.

महिन्याची फी ठेवू नका, तासांची ठेवा. महिना म्हटला की लग्नसराई, पाहुणे, आजारपण, सगळं त्यात येतं आणि शेवटी ‘या महिन्यात चारच दिवस आले हो’ सुरू होतं. माझी पद्धत बारा तासांचा एक संच. सुरुवातीला मी एका संचाचे ३,६०० रुपये घ्यायचे, अर्धे पहिल्या तासाला, उरलेले सातव्या तासाआधी. तास रद्द करायचा तर आदल्या रात्री कळवायचं, नाहीतर तो तास झाला असं धरायचं. हे सगळं एका छोट्या कागदावर मराठीत छापून पहिल्या पावतीबरोबर द्या. कागदावर असलं की तोंडानं वाईट व्हावं लागत नाही.

पावती प्रत्येकाला द्या. दुकानदार माणूस पावती देणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचं आयुष्य त्यातच गेलंय.

आता नातेवाईक. चुलत नणंदेच्या मुलीला फुकट शिकवलंत की ती येणार उशिरा, जाणार लवकर, आणि सांगणार सगळ्यांना की वहिनी घरीच असते, शिकवते सहज. त्यांनाही पूर्ण फी सांगा. राग येईल, तो गणपतीपर्यंत टिकतो.

फुकट बॅचही नको. ‘आधी नाव होऊ दे, मग फी लावू’ म्हणून मी आठ जणींची मोफत बॅच घेतली होती. फी लावली त्या सोमवारी खोलीत मी आणि पंखा.

७. गूगल नकाशा आणि बाकीचं

गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल मोफत तयार होतं. पडताळणीला आता बहुतेक वेळा जागेचा व्हिडिओ मागतात. घरचा पत्ता सगळ्यांना दिसायला नको असेल तर तो लपवून फक्त भाग दाखवता येतो, एकट्या राहणाऱ्या बायकांनी हे नक्की करा. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, म्हणजे घरचा नंबर वेगळा राहतो. विजेच्या खांबावर, झाडावर खिळा मारून पाटी लावू नका; कारवाई होते, आणि झाडाला खिळे मारणाऱ्याकडं शिकायला कोण येणार?

८. दुसरा विद्यार्थी पहिल्याकडून येतो, पण त्याला पुढं करू नका

एका सुपरवायझरचं इंग्रजी दोन महिन्यांत छान सुटलं. मी उत्साहात त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, त्याला न विचारता. दुपारी त्याचा फोन आला. आवाज चढला नव्हता, पण ‘मॅडम, डिपार्टमेंटला सगळ्यांनी बघितलं’ एवढंच म्हणाला. तो गेला, आणि त्याच्या ओळखीनं येणार होते ते दोघंही गेले. चूक पूर्ण माझी.

तेव्हापासून मी कुणाचा फोटो, नाव, अभिप्राय काहीच टाकत नाही. त्याऐवजी दहाव्या तासाला एकच विचारते: ‘तुमच्यासारखंच कुणाचं अडलेलं आहे का? तुम्ही नाव सांगू नका, त्यांनाच माझा नंबर द्या.’ त्या अमेरिकेच्या काकूंनी तिकडून चार बायकांना नंबर दिला. विमानतळावर काय झालं ते त्यांनी स्वतःच मैत्रिणींना रंगवून सांगितलं. त्यांची गोष्ट, त्यांनी सांगितली, म्हणून चाललं.

याशिवाय जिथं अडलेली माणसं आधीच जातात तिथं जा. व्हिसाचं काम करणारे, पासपोर्टचे फॉर्म भरून देणारे, नर्सिंग होमच्या मेट्रन, एमआयडीसीतल्या कारखान्यांचे एचआर. जाताना हात हलवत जाऊ नका, त्यांना उपयोगी पडेल असा एक पानाचा कागद न्या. व्हिसावाल्याला मी ‘विमानतळावर विचारले जाणारे बारा प्रश्न, मराठी अर्थासह’ दिला, खाली बारीक अक्षरात माझा नंबर. तो अजून झेरॉक्स काढून वाटतो. कमिशन मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. एकदा सुरू झालं की दर वर्षी दर वाढतो आणि तो शेवटी विद्यार्थ्याच्या फीवर बसतो.

९. या फोनांपासून सावध

‘मी लष्करात आहे, माझी बदली तुमच्याकडं झालीय, मुलीला शिकवायचंय, सहा महिन्यांची फी आत्ताच पाठवतो.’ बोलणं हिंदीत, अदबीचं. मग एक क्यूआर कोड येतो, ‘हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ नवीन शिक्षकाला असा फोन हमखास येतो, कारण त्याचा नंबर नुकताच सगळीकडं टाकलेला असतो. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. चुकून टाकलाच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, वेळ घालवला की पैसे हातचे जातात.

दुसरे, ‘आम्ही तुम्हाला विद्यार्थी मिळवून देतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारे. विद्यार्थ्याच्या पहिल्या फीतून वाटा घेणारा निदान विद्यार्थी आणून तरी देतो. आधी पैसे मागणाऱ्याचं काम तुमचे पैसे मिळाले की संपलेलं असतं.

तिसरा धोका आपलाच. ‘३० दिवसांत अस्खलित’ असं लिहू नका. तीस दिवसांत काकूंना काचेतल्या माणसाला उत्तर देता येईल, बेदाण्याच्या व्यापाऱ्याला तीन ओळींचं ईमेल लिहिता येईल. तेवढंच लिहा.

१०. कोणत्या महिन्यात काय

जूनमध्ये आया येतात, शाळा सुरू होते आणि पहिली पालक मीटिंग समोर दिसते. त्यांचे फोन मेमध्येच करा. जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगची मुलं, कॅम्पसचं वातावरण तेव्हा तापतं.

याच दोन महिन्यांत पुराचं पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. गावभागातले, नदीकडच्या पेठांतले विद्यार्थी तेव्हा सामान वर चढवत असतात, तासाची आठवण करून द्यायची ही वेळ नाही. २०१९ च्या ऑगस्टनंतर कितीतरी घरांत महिनाभर चिखलच निघत होता. त्या दिवसांतले तास मी आपणहून पुढं ढकलते, आणि ‘आदल्या रात्री कळवा’ हा नियम गुंडाळून ठेवते. ज्यांना जमेल त्यांना फोनवर वीस मिनिटं.

गणपतीत नवीन काही सुरू करू नका. ऑक्टोबरच्या आसपास द्राक्षाची छाटणी, तेव्हा बागायतदार बागेत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो, तेव्हाही त्याला वेळ नसतो. त्याला गाठायचं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, हंगामाच्या आधी, कारण तेव्हाच ईमेल यायला लागतात. माझा तासगावचा एक विद्यार्थी त्या दिवसांत पहाटे साडेसहाला व्हिडिओ कॉल लावतो, मागं बागेतल्या ब्लोअरचा आवाज, आणि मधूनच मजुराला मराठीत ओरडून परत ‘सॉरी मॅडम, प्लीज कंटिन्यू’ म्हणतो. तेवढं वाक्य आता न अडखळता येतं.

११. आठ झाले की थांबा

पहिले आठ विद्यार्थी झाले की नवीन घेणं महिनाभर बंद करा. वेळांची गुंतागुंत, कोण कुठल्या तासावर आहे, कुणाची दुसरी अर्धी फी बाकी आहे, हे हाताळायला शिकायला तेवढा वेळ लागतोच. नवव्याला नाही म्हणायला जीव होत नाही, मला माहीत आहे. मी त्याचं नाव त्याच दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते, फोन नंबर आणि काय अडलंय ते एका ओळीत, आणि केव्हा फोन करीन ती तारीख त्याला सांगते. ती तारीख पाळते. सध्या त्या पानावर चार नावं आहेत. दोघींच्या पुढं ‘दिवाळीनंतर’, एकापुढं ‘छाटणी झाल्यावर’, आणि एकापुढं ‘फोन रात्री नऊनंतर, बायकोला माहीत नाही’.